'लपवायला काही नाही' म्हणणाऱ्या भावाला काय सांगू? आणि एका शीटचा प्रश्न

नदीकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

आम्ही सातआठ जण मिळून एक छोटा गट चालवतो. ज्यांच्या कामाचे पैसे मालकाने थकवलेत अशा लोकांना तक्रार लिहून द्यायला, कागद जमवायला मदत करतो. त्याची एक ऑनलाइन शीट आहे, ती माझा मोठा भाऊ सांभाळतो. आतापर्यंत १४० लोक त्यात आहेत, नाव, नंबर, राहायचा पत्ता, ओळखपत्राचा फोटो, कुठल्या मालकाविरुद्ध तक्रार, आणि शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना ज्यात आम्ही जो तो येईल ते लिहीत गेलो, 'आजारी असते', 'नवऱ्याला माहीत नाही', 'दुसरीकडे पण काम करतो' असलं सगळं. परवा सहज शेअरिंग बघितलं तर 'लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल' असं सेटिंग! दादाला म्हटलं हे बंद कर, तर म्हणे अगं लिंक आहे कुणाकडे, आणि आपण काही चोरी करतोय का, ज्याला लपवायचंय त्याने घाबरावं.

मला उत्तर सुचलं नाही आणि त्याचाच राग येतोय.

मला हे इतकं का लागलं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते, शेवटचे १९ दिवस. मागच्या महिन्यात फोन बदलताना नकाशाच्या ॲपमधली टाइमलाइन उघडली गेली, ती कधी चालू केली होती तेही आठवत नाही, आणि त्यात त्या सगळ्या रात्री जशाच्या तशा. एका रात्री ११:४० ते पहाटे ५:१० एकच ठिपका, तोही इमारतीवर नाही, मागे जिथे गाड्या लावतात तिथे. घरी मी सांगितलेलं की रात्रभर बाबांजवळ होते. नव्हते. वर जायचा धीर होईना म्हणून गाडीतच बसून राहिले होते. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, दादालाही नाही, आणि ते मिनिटांसकट कुठेतरी नोंदलेलं होतं. यात गुन्हा काहीच नाहीये, पण ते माझं होतं ना.

तर दादाला काय सांगू, शीटचं काय करू, आणि तिसरं म्हणजे एवढी मोठी सरकारं, एवढ्या मोठ्या कंपन्या, त्यांच्यापुढे आपण काही करून खरंच फरक पडतो का? मनापासून विचारतेय.

पाटीपेन्सिल

ताई, आधी शीट. बाकीचं वाचायच्या आधी जाऊन शेअरिंग बंद करा, फक्त ठराविक लोकांनाच उघडता येईल असं ठेवा, मग परत या.

केलंत? आता पुढचं. नुसते रकाने खोडून भागत नाही, कारण ऑनलाइन शीटला जुन्या आवृत्त्यांचा इतिहास असतो, ज्याला बदल करायची परवानगी आहे तो मागे जाऊन खोडलेलं सगळं परत बघू शकतो. म्हणून नवीन कोरी शीट घ्या, त्यात कामाला लागतं तेवढंच उतरवा आणि जुनी उडवून कचरापेटीतूनही काढा. ओळखपत्राचा फोटो एकदा बघून खात्री झाली की ठेवायचं कारणच काय? त्या जागी 'पाहिलं' एवढं लिहा आणि तारीख टाका. शेरा रकाना तर मी आधी काढला असता. 'नवऱ्याला माहीत नाही' हे वाक्य ज्या बाईबद्दल आहे तिच्या जागी बसून एकदा वाचा.

लिंक कुणाकडे नाही म्हणतात दादा, पण ती लिंक आजवर किती ग्रुपवर पडली असेल, कुणी कुणाला पुढे पाठवली असेल, त्यातला कुणी आता मालकाच्या बाजूला गेला असेल, हे कुणाला सांगता येणारे?

आता 'लपवायला काही नाही'चं. मला यावर सगळ्यात पटणारं उदाहरण नेदरलँड्सचं वाटतं. तिथे महायुद्धाच्या आधी लोकसंख्येची नोंद फार नीट ठेवलेली होती, माणसामागे कार्ड, कार्डावर पत्ता आणि धर्मसुद्धा. ज्यांनी ती व्यवस्था उभी केली त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, कारभार सोपा व्हावा एवढंच. ज्यांची नोंद झाली त्यांनाही लपवायला काही नव्हतं, धर्म काय लपवायची गोष्ट आहे का. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि तीच कार्डं त्यांच्या हातात पडली. तिथले १ लाखाहून जास्त ज्यू मारले गेले. आता त्याला एकटी कार्डंच कारण नव्हती, पण कोण कुठे राहतं हे शोधत फिरायची गरज उरली नव्हती. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही कलाकार आणि विद्यार्थी पोलिसांचे गणवेश घालून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले, ड्रॉवर उपसून कार्डांचे ढीग घातले आणि पेटवून दिले. थोडाच भाग नष्ट झाला. नंतर फितुरी झाली आणि त्यातल्या १२ जणांना १ जुलैला गोळ्या घालण्यात आल्या. कागदाची कार्डं जाळायला १२ जीव गेले, यावरून नुसती यादी म्हणजे काय चीज असते ते कळतं.

तुमच्या दादांच्या मनातही चांगलंच आहे. पण शीट उद्या कुणाच्या हातात जाईल ते त्यांच्या मनावर नाही, आणि ती माहिती त्यांची एकट्याची नाहीच, त्या १४० जणांची आहे. 'मला लपवायचं नाही' हे माणूस फार तर स्वतःपुरतं म्हणू शकतो.

टॉवरखाली

वरचं सगळं मान्य. मी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो कारण लोकांना वाटतं की मेसेज कुणी वाचत नाही ना मग झालं.

मी काही वर्षं एका मोबाइल कंपनीत बिलाच्या तक्रारी बघायचो. बोलणं आम्हाला कधीच ऐकू येत नव्हतं, दिसायचा फक्त तक्ता, कुणी कुणाला, किती वाजता, किती सेकंद, कुठल्या टॉवरवरून. एकदा एका ग्राहकाचं बिल तपासत होतो, त्याचं म्हणणं होतं एवढे कॉल केलेच नाहीत. पंधरा मिनिटं तक्ता बघितला आणि मला त्या माणसाचं आयुष्य कळलं. आधी एका तपासणी केंद्राला कॉल, मग दोन दिवसांनी एका मोठ्या दवाखान्याला, मग त्याच संध्याकाळी एकाच नंबरला नऊ कॉल, सगळे दहाबारा सेकंदांचे, म्हणजे समोरचा उचलून ठेवून देत होता किंवा ह्यालाच बोलवत नव्हतं. मी बिल बरोबर आहे असं लिहून तक्रार बंद केली आणि घरी जाताना मला फार कसंतरी झालं. मला कुणी हक्क दिला होता ते बघायचा?

तर ह्याला मेटाडेटा म्हणतात, आणि मजकुरापेक्षा तो जास्त बोलतो. जर्मनीतल्या माल्टे स्पिट्झ नावाच्या राजकारण्याने आपल्या फोन कंपनीविरुद्ध कोर्टात जाऊन स्वतःचाच सहा महिन्यांचा असला डेटा मिळवला, ३५,००० च्या वर ओळी निघाल्या, आणि २०११ मध्ये त्याने तो वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर नकाशावर मांडून सगळ्यांना दाखवला. झोपला कधी, गाडीत किती वेळ, सभेला कुठे, सगळं. अमेरिकेत कार्पेंटर नावाचा खटला झाला, त्यात पोलिसांनी वॉरंट न घेता एका माणसाच्या १२७ दिवसांच्या टॉवर नोंदी घेतल्या होत्या, एकूण १२,८९८ ठिकाणं, म्हणजे दिवसाला शंभरेक. २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही, वॉरंट लागेल.

आणि 'नाव काढून टाकलंय, आता तो डेटा निनावी आहे' असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख लोकांचा पंधरा महिन्यांचा लोकेशन डेटा तपासला होता, नावं नव्हती त्यात, तरी कुठल्याही माणसाचे फक्त चार ठिकाण आणि वेळ असे ठिपके घेतले की ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. एक घर, एक कामाची जागा, झालंच की अर्धं.

ताई, तुमच्या टाइमलाइनमधला तो गाड्यांच्या जागेतला ठिपका वाचून मला तो बिलाचा तक्ता आठवला म्हणून एवढं लिहिलं.

दुसरी_बाजू

मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नका. माझ्या भाचीला एका माणसाने ऑनलाइन ओळख काढून फोटो मिळवले आणि चार महिने धमकावलं, ती १५ वर्षांची होती. घरात काय काय झालं ते मी इथे लिहू शकत नाही. तपास करणाऱ्यांनी आम्हाला सांगितलं की मेसेज एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे कुलूपबंद, कंपनीकडून मजकूर मिळत नाही. त्या दिवसापासून मला प्रायव्हसी प्रायव्हसी ऐकलं की त्रास होतो. पोलिसांना एक दरवाजा ठेवला तर काय बिघडतं? सगळ्यांना नाही, फक्त पोलिसांना. भाचीच्या प्रायव्हसीचं काय?

शून्यएक

दुसरी_बाजू, तुमच्या भाचीबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा प्रश्न अजिबात चुकीचा नाहीये. नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

'फक्त पोलिसांना' असा दरवाजा बनवता येत असता तर मी पहिला पाठिंबा दिला असता. अडचण अशी की गणिताला वर्दी ओळखता येत नाही. कुलूप एका किल्लीने उघडतं म्हटल्यावर ती किल्ली ज्याच्या हाती पडेल त्याला उघडतं. हे करून बघितलेलं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने क्लिपर नावाची चिप काढली होती, संभाषण एन्क्रिप्ट करणार पण जादा किल्ली सरकारकडे. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ नावाच्या संशोधकाने त्यातली खोट दाखवून दिली आणि पुढे ती योजनाच बारगळली. ग्रीसमध्ये २००४-०५ ला तर भयंकर झालं, फोनच्या यंत्रणेत कायदेशीर टॅपिंगसाठी जी सोय असते तीच कुणीतरी गुपचूप चालू केली आणि पंतप्रधान, मंत्री धरून शंभरावर लोकांचे फोन कित्येक महिने ऐकले जात होते. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या फोन कंपन्यांमध्ये हॅकर शिरले, ते कोर्टाच्या आदेशाने टॅपिंग करायच्या यंत्रणेपर्यंत पोचले. त्या डिसेंबरात तिथल्या सरकारच्याच सायबर सुरक्षा संस्थेने, ज्यांना जास्त धोका आहे अशा अधिकाऱ्यांना आणि नेत्यांना सल्ला दिला की बाबांनो एंड टू एंड एन्क्रिप्शन असलेलं ॲप वापरा. ज्या देशात 'दरवाजा ठेवा'ची मागणी इतकी वर्षं चालली तिथे ही वेळ आली.

आता तुमच्या भाचीची गोष्ट. तिला आलेले मेसेज तिच्या फोनवर उघडे होते, एन्क्रिप्शन मधल्या वाटेवर असतं, दोन टोकांना नाही. तिच्या फोनवरून पुरावा घेता येतो, ॲपमध्ये तक्रार केली की शेवटचे मेसेज कंपनीकडे जातात, संशयिताचा फोन कोर्टाच्या आदेशाने जप्त होतो, आणि टॉवरखाली यांनी वर सांगितलेला तो तक्ता तर आहेच, ज्यातून माणूस सापडतो. एका माणसावर संशय, त्याचं लेखी कारण, न्यायाधीशाची सही आणि मग झडती, याला माझा काडीचाही विरोध नाही. माझा विरोध सगळ्यांची झडती आधी घेऊन ठेवायची आणि कारण नंतर शोधायचं याला आहे. तुमच्या भाचीला तपास मंद मिळाला असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, आणि त्याचा राग यायलाच हवा.

अजून एक. तिचे फोटो आज कुठल्या बॅकअपमध्ये, कुठल्या सर्व्हरवर असतील तर त्यांना वाचवणारं कुलूप हेच आहे. मुलांना सगळ्यात जास्त गरज आहे याची.

नदीकाठ ताई, सिग्नल या मेसेजिंग ॲपचं उदाहरण दादांना सांगा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाकडून त्यांना आदेश आला की अमुक नंबरची माहिती द्या. त्यांनी जे होतं ते दिलं, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं एवढंच. दुसरं त्यांच्याकडे काही नव्हतंच. तुमची शीटही तशीच व्हायला हवी, उद्या मालकाच्या वकिलाने कोर्टातून मागितली तर दाखवायला थोडकंच निघालं पाहिजे.

दुसरी_बाजू

वाचलं. मेसेज तिच्याच फोनवर होते हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आम्ही भीतीपोटी ते ॲपच काढून टाकलं होतं. मी अजून पूर्ण पटलोय असं म्हणणार नाही पण विचार करतोय. धन्यवाद नीट बोललात.

घराची_किल्ली

सरकार, कंपनी यावर सगळे बोलतात, पण पाळत घरातूनही होते. माझा फोन लग्नानंतर नवऱ्याने सेट करून दिला, खातं त्याच्या ईमेलवर, पासवर्ड त्याला माहीत. मला तीन वर्षं कळलं नाही की मी कुठे जाते ते तो बघत असतो. मैत्रिणीकडे थांबले की बरोबर दहा मिनिटांत फोन यायचा, 'कुठेयस'. मला वाटायचं काळजी करतो. एक दिवस मी घरीच आहे म्हणाले आणि तो हसला. ते हसू मी विसरणार नाही.

ज्या कुणाला असं वाटतंय तिने एकदम सगळं बंद करू नका, कारण बंद केलं की समोरच्याला लगेच कळतं आणि तीच वेळ सगळ्यात धोक्याची असते. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मदत मागा, जायची जागा ठरवा, मग नवीन ईमेल, नवीन पासवर्ड, आणि खात्यात कुठली कुठली डिव्हाइस जोडलेली आहेत ती यादी बघा. मला ती यादी माझ्या बहिणीने दाखवली. माझ्या खात्यात एक टॅब्लेट जोडलेला होता जो मी आयुष्यात हातात घेतला नव्हता.

तुमच्या शेऱ्यातली ती 'नवऱ्याला माहीत नाही' वाली बाई माझ्या डोक्यातून जात नाहीये. प्लीज काढा ते.

जुनी_वही

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. फरक पडतो का? हो, हळू पडतो, पण पडतो.

युरोपात २००६ मध्ये नियम आला होता की फोन कंपन्यांनी सगळ्यांच्या कॉलच्या नोंदी सहा महिने ते दोन वर्षं जपून ठेवायच्या, संशय असो नसो. त्याविरुद्ध डिजिटल राइट्स आयर्लंड नावाचा एक छोटासा गट कोर्टात गेला, कंपनी नाही, पक्ष नाही. ८ एप्रिल २०१४ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अख्खा नियमच रद्द केला. मॅक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियातला कायद्याचा विद्यार्थी होता, २०११ मध्ये त्याने फेसबुककडे सरळ मागणी केली की माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते द्या, तर १,२०० च्या वर पानं आली, त्यात त्याने स्वतः डिलीट केलेले मेसेजसुद्धा. तिथून त्याने जी लढाई धरली त्यातून युरोपचा डेटा अमेरिकेत पाठवायचे दोन करार कोर्टाने मोडीत काढले, एक २०१५ ला, एक २०२० ला. आणि याच्या मधे २०१३ ला स्नोडेनने अमेरिकेच्या सरकारी पाळतीचे गुप्त कागद बाहेर काढले नसते तर यातलं निम्मं कुणी मानलंच नसतं, वेडा म्हणाले असते.

जगाने १९४८ मध्येच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १२ व्या कलमात लिहून ठेवलंय की कुणाच्याही खाजगीपणात, कुटुंबात, घरात, पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होता कामा नये. तेव्हा पत्रं होती. पत्र कुणी फोडलं तर आपल्या आजीला चीड आली असती, कुणी तिला विचारलं नसतं की बाई तुला लपवायचं काय आहे.

तुम्हाला श्रेम्सएवढं करायची गरज नाही. जिथे जिथे कायदा आहे तिथे कंपनीला एक अर्ज पाठवा, माझी काय माहिती आहे ती द्या आणि नको ती पुसा. मी पाठवलाय. उत्तर यायला महिना लागला आणि त्यात मी सोडलेल्या एका ॲपकडे माझ्या आख्ख्या फोनबुकची यादी निघाली, त्यात माझ्या वारलेल्या मित्राचा नंबर. पुसायला लावली.

पाटीपेन्सिल

घाईत दोन गोष्टी राहिल्या. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी असते, लोकेशन, माइक, कॉन्टॅक्ट असं एकेक उघडून बघा कुठल्या ॲपला दिलंय, आणि 'वापरतानाच' हा पर्याय ठेवा, 'नेहमी' नको. जाहिरातीसाठीचा आयडी असतो तोही तिथेच बंद किंवा डिलीट करता येतो. आणि चॅट एन्क्रिप्टेड असलं तरी त्याचा बॅकअप तसा असेलच असं नाही, तो वेगळा चालू करावा लागतो, व्हॉट्सॲपमध्ये २०२१ पासून सोय आहे, पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली. किल्ली कागदावर लिहून ठेवा, त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका.

फोन अपडेट करत जा हे सांगायलाच नको. पेगाससारखं पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर तुमच्यामागे लागलं तर ते फोनमध्येच शिरतं, तिथे एन्क्रिप्शन उपयोगाचं नाही, पण २०२१ ला त्याच्या संभाव्य निशाण्यांची जी नावं बाहेर आली त्यात पत्रकार, वकील, कार्यकर्ते होते. तुमचा गट मालकांविरुद्ध काम करतो, तेव्हा अगदी अशक्य म्हणून सोडूनही देऊ नका.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदोनदा वाचलं सगळं.

काल दादाकडे गेले. नेदरलँड्सचं सांगितलं, तो ऐकत होता पण म्हणाला ते युद्ध होतं गं. मग मी त्याच्या कॉम्प्युटरवर प्रायव्हेट विंडो उघडली, कुठेच लॉगिन नाही, आणि त्याने मला कधीतरी पाठवलेली लिंक टाकली. पोस्ट टाकल्यावर मीच बंद करायला हवं होतं, पण मालकी त्याच्या खात्याकडे होती, मला बदलता येत नव्हतं. शीट सरळ उघडली. पहिलीच ओळ त्याची, चाचणी म्हणून त्याने स्वतःचंच नाव आणि ओळखपत्राचा फोटो टाकून बघितलेला, विसरून गेला होता. फोटोवर क्लिक केलं तर मोठा झाला, पत्ता स्पष्ट वाचता येत होता. तो खुर्ची पुढे ओढून बघत राहिला.

नवीन शीट केलीये. नाव, नंबर, तक्रारीची तारीख, पुढची तारीख, बस. जुनी उडवली, कचरापेटीही रिकामी केली. १४० जणांना आम्ही फोन करून सांगणार आहोत की तुमची माहिती अशी उघडी होती, आता नाही, काही प्रश्न असतील तर विचारा. दादा आधी नको म्हणत होता, लोक चिडतील म्हणून. चिडतील तर चिडूदेत, त्यांचा हक्क आहे तो. काल रात्री बारा फोन झाले, एकीने फक्त एवढंच विचारलं की माझ्या घरचं काही लिहिलं होतं का त्यात. हो म्हटलं. खूप वेळ ती काही बोलली नाही.

घराची_किल्ली, त्या बाईला पहिला फोन मी केला.

आणि ती गाडीतली रात्र मी दादाला सांगितली. त्याने विचारलं नव्हतं, मीच सांगितली. तो म्हणाला, मला माहीत होतं, मी वरून खिडकीतून गाडी बघितली होती, तू सांगशील तेव्हा सांगशील म्हणून गप्प बसलो.